देवाचं वचन की माणसाची धडपड? ख्रिस्ती धर्मातला दोन हजार वर्षांचा प्रश्न समजून घ्या

३१ ऑक्टोबर १९९९. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरातल्या सेंट ॲना चर्चमध्ये दोन धर्मगुरूंनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कॅथलिक चर्चच्या वतीने कार्डिनल एडवर्ड कॅसिडी आणि लुथरन चर्चच्या जागतिक महासंघाच्या वतीने बिशप ख्रिस्टियन क्राउझ.

तारीख मुद्दाम निवडलेली होती. १५१७ साली याच दिवशी मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले आणि पश्चिम युरोपातलं चर्च दुभंगायला सुरुवात झाली. त्या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी एकत्र सही करायला बरोबर ४८२ वर्षं लागली.

प्रश्न एका वाक्यात असा : माणूस देवाच्या नजरेत नीतिमान ठरतो तो स्वतःच्या प्रयत्नांनी, की देवाने दिलेल्या वचनावर विश्वास ठेवल्याने?

हा वाद फक्त पंडितांचा नाही. 'मी पुरेसा चांगला आहे का' या भीतीने खचलेल्या माणसाला धर्म काय सांगतो, हे त्यावर ठरतं. आणि 'देवाने वचन दिलंय, आता डॉक्टर कशाला' म्हणणाऱ्याला काय सांगतो, हेही त्यावरच ठरतं.

आधी तीन शब्द समजून घेऊ

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात हे तीन शब्द सतत येतात.

अभिवचन : देवाने स्वतःहून दिलेला शब्द. समोरच्याने काही कमावलं म्हणून दिलेला नव्हे.

कृपा : लायकी नसताना मिळालेली देणगी.

विश्वास : फक्त 'देव आहे' असं मानणं नव्हे, तर त्याच्या शब्दावर आपला भार टाकणं.

आणखी एक शब्द जपून वापरावा लागतो, तो म्हणजे 'कर्म'. मराठी वाचकाला हा शब्द ऐकला की पूर्वजन्म आणि कर्मफळ आठवतं. बायबलच्या मराठी भाषांतरांत तो येतो तेव्हा पुनर्जन्माचा संबंध नसतो. तिथे त्याचा अर्थ माणसाची कृत्यं, विशेषतः मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे केलेलं आचरण, एवढाच असतो.

गोष्ट सुरू होते अब्राहामापासून

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, अब्राम नावाच्या माणसाला देव सांगतो की घरदार सोडून निघ, तुझ्यापासून मोठं राष्ट्र होईल. तेव्हा अब्रामचं वय ७५ आहे. त्याला मूलबाळ नाही आणि बायको साराय वांझ आहे.

पुढे एका रात्री देव त्याला आकाशातले तारे दाखवून सांगतो की तुझी संतती एवढी होईल. अब्राम त्यावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वासच त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व म्हणून जमा होतो. पुढच्या सगळ्या वादाचा आधार उत्पत्तीच्या १५व्या अध्यायातलं हे एक विधान आहे.

त्याच अध्यायात एक विलक्षण विधी येतो. जुन्या काळी करार करताना जनावरं मधोमध कापून समोरासमोर ठेवत आणि करार करणारे त्यामधून चालत जात. अर्थ असा की शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. अब्रामही जनावरं कापून मांडतो. पण नंतर तो गाढ झोपी जातो, आणि त्या तुकड्यांमधून जाते ती फक्त एक धुमसती शेगडी आणि पेटती मशाल. ती देवाच्या उपस्थितीची खूण.

म्हणजे करार दोघांचा, पण शपथेची जोखीम घेतली एकानेच. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो झोपलेला होता. वचन आणि व्यवहार यांतला फरक दाखवायला ख्रिस्ती अभ्यासक हा प्रसंग हमखास सांगतात.

पण वाट पाहणं सोपं नसतं. कनान देशात दहा वर्षं गेली तरी मूल नाही. मग साराय तोडगा काढते : माझी मिसरी दासी हागार हिच्यापासून मूल होऊ दे. त्या काळच्या रिवाजात हे बसणारं होतं. अब्राम ८६ वर्षांचा असताना इश्माएलचा जन्म होतो. त्यातून घरात कलह होतो, आणि सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते हागारला. तिला एकदा पळून जावं लागतं आणि पुढे मुलासह हाकलून दिलं जातं.

शेवटी अब्राहाम १०० वर्षांचा आणि सारा ९० वर्षांची असताना इसहाक जन्माला येतो. पहिल्या हाकेपासून २५ वर्षांनी.

या गोष्टीतली एक बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. वाळवंटात टाकलेल्या हागारलाही देव भेटतो आणि तिच्या मुलाचंही मोठं राष्ट्र करीन, असं तिलाही वचन मिळतं. दुसऱ्यांच्या घाईची किंमत मोजणाऱ्या बाईकडे ही कथा पाठ फिरवत नाही.

पौलाने यातून काय युक्तिवाद केला?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या गलतिया भागात पौलाने ख्रिस्ती मंडळ्या स्थापन केल्या. त्यातले अनेक लोक यहुदी नव्हते. पौल पुढे गेल्यावर तिथे काही उपदेशक आले. त्यांचं म्हणणं होतं की येशूवर विश्वास ठेवलात ते ठीक, पण देवाच्या लोकांत खरोखर सामील व्हायचं तर सुंता करा आणि मोशेचं नियमशास्त्र पाळा.

पौल भडकला. गलतीकरांना लिहिलेलं त्याचं पत्र त्याच्या सगळ्या पत्रांत सर्वांत तिखट मानलं जातं. त्याचे मुद्दे साधारण असे होते :

एक, अब्राहामाला वचन आधी मिळालं आणि नियमशास्त्र ४३० वर्षांनी आलं. नंतर आलेली गोष्ट आधीचं वचन रद्द करू शकत नाही. माणसांनी केलेला पक्का करारसुद्धा कोणी असा मधूनच बदलत नाही.

दोन, एक मुलगा माणसाच्या योजनेतून झाला, दुसरा वचनातून. विश्वासणारे लोक वचनाने झालेल्या मुलासारखे आहेत.

तीन, जी सुरुवात देवाच्या आत्म्याने झाली, तिचा शेवट स्वतःच्या ताकदीवर करण्यात शहाणपण नाही.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो आणखी सोपं उदाहरण देतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याची देणी असते. तिला कोणी देणगी म्हणत नाही. आणि अब्राहामाला नीतिमान ठरवलं गेलं ते सुंतेच्या आधी, हेही तो दाखवून देतो.

इथे ग्रीक भाषेतला एक शब्द उपयोगी पडतो : 'दियाथेके'. बायबलमध्ये त्याचा अर्थ करार होतो. 'नवा करार' हे नाव त्यावरूनच आलं. पण रोजच्या ग्रीक व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र असाही होता. मृत्युपत्राने वारसाला मिळतं ते त्याने कमावलेलं नसतं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या दुहेरी अर्थाचा उपयोग केलेला आहे, आणि पुढे ल्यूथरनेही केला.

यात एक सावधगिरी हवी. 'यहुदी धर्म म्हणजे नुसते नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा' अशी मांडणी अनेक शतकं चालली. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 'पॉल अँड पॅलेस्टिनियन ज्युडाइझम' या ग्रंथात ती खोडून काढली. त्या काळच्या यहुद्यांसाठीही देवाची निवड आणि कृपा आधी होती. नियम पाळणं हा त्या कृपेला दिलेला प्रतिसाद होता. पौल नेमका कशाच्या विरोधात बोलत होता, यावर तेव्हापासून नव्याने चर्चा सुरू आहे.

ऑगस्टीन आणि पेलाजियस का भांडले?

चौथ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनहून आलेला पेलाजियस नावाचा तपस्वी रोममध्ये राहत होता. तिथल्या ख्रिस्ती लोकांचं ढिलं वागणं पाहून तो अस्वस्थ व्हायचा. त्याचा मुद्दा सरळ होता : देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळणं माणसाला शक्य असणारच. मग सबबी कशाला?

दुसऱ्या बाजूला होता उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला, बिशप ऑगस्टीन. आपल्या आत्मकथनात त्याने स्वतःच्या सवयींशी केलेला झगडा लिहून ठेवला होता. चांगलं काय हे कळत होतं, हवंही होतं, पण जमत नव्हतं. म्हणून त्याची प्रार्थना अशी होती की देवा, तू जे करायला सांगतोस ते करण्याची ताकदही तूच दे. ही प्रार्थना ऐकून पेलाजियस चिडला होता, असं ऑगस्टीननेच नोंदवलं आहे.

इसवी सन ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मतं फेटाळली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने स्पष्ट केलं की देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा कृपेतूनच येते.

गंमत अशी की पेलाजियसचं म्हणणं आजच्या कानांना जास्त ओळखीचं वाटतं. 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' हे वाक्य त्याला नक्कीच आवडलं असतं. ऑगस्टीनचा प्रश्न होता की मनात आणूनही ज्याला जमत नाही, त्याचं काय?

ल्यूथरला नेमकं काय खटकलं?

१५०५ साली वादळात सापडलेल्या तरुण ल्यूथरने नवस केला की वाचलो तर संन्यासी होईन. तो वाचला आणि एरफुर्टच्या मठात दाखल झाला.

तिथे त्याने प्रयत्नांत काहीच कसर ठेवली नाही. उपास, जागरणं, तासन्‌तास चालणारी पापकबुली. पण प्रत्येक कबुलीनंतर नवी शंका : सगळं सांगितलं का? पश्चात्ताप मनापासून होता, की नरकाच्या भीतीने? मोजमाप संपतच नव्हतं. 'देवाचं नीतिमत्त्व' या शब्दांचाच त्याला धसका बसला होता, कारण त्याला त्यात शिक्षा करणारा न्यायाधीश दिसायचा.

पुढे विटेनबर्गमध्ये बायबल शिकवताना रोमकरांच्या पत्राने त्याला वेगळा अर्थ दिला. नीतिमत्त्व ही देवाची मागणी नसून देणगी आहे, आणि माणूस ती विश्वासाने स्वीकारतो. हे उमगलं तेव्हा स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटलं, असं त्याने म्हातारपणी, १५४५ मध्ये लिहिलं.

त्याच सुमारास जर्मनीत पापदंडमाफीपत्रं विकली जात होती. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवा होता. पत्र घ्या आणि पापाचा दंड माफ करून घ्या, असा प्रचार चालला होता. ज्या गोष्टीसाठी ल्यूथर रात्री जागला होता, तिचा आता दर ठरला होता. ९५ मुद्दे त्यातूनच आले.

ल्यूथरच्या विचारात वचन आणि विश्वास ही जोडी केंद्रस्थानी आहे. १५२० मधल्या लेखनात तो प्रभुभोजनालाही मृत्युपत्रासारखं वचन म्हणतो. मरणाऱ्याने मागे ठेवलेली देणगी घ्यायला फक्त रिकामे हात लागतात.

कॅथलिक चर्चचं म्हणणं काय होतं?

'कॅथलिक लोक स्वतःच्या पुण्याईने स्वर्गात जायचं म्हणतात' हा समज चुकीचा आहे. ल्यूथरला उत्तर देणाऱ्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये जो ठराव केला, त्यात पहिल्याच कलमाने कृपेशिवाय केवळ स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान होता येतं ही कल्पना नाकारली.

फरक पुढे होता. ट्रेंटचं म्हणणं असं की कृपा आधी येते, पण माणूस तिला होकार देतो, तिच्याशी सहकार्य करतो आणि त्यातून आतून बदलत जातो. 'फक्त विश्वास' म्हणून प्रेम आणि सत्कृत्यं वगळता येणार नाहीत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर देव आणि माणूस यांचं सहकार्य हाच शब्द धरून ठेवला. पश्चिमेतला हा वाद त्यांच्याकडे त्या रूपात कधी पेटलाच नाही.

हा फरक समजायला भारतातलं एक उदाहरण उपयोगी आहे. रामानुजाचार्यांनंतर श्रीवैष्णव परंपरेत असाच प्रश्न निघाला आणि दोन पंथ दोन उपमांनी ओळखले जाऊ लागले. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे नेणारी आई असली तरी पकड पिल्लाची. मांजरीच्या पिल्लाला मात्र आईच तोंडात धरून नेते. वडकलै पंथाला माकडाची आणि तेनकलै पंथाला मांजरीची उपमा लावली जाते. दोन्ही परंपरांचा देवविचार वेगळा आहे, त्यामुळे तुलना ताणू नये. पण ल्यूथर मांजरीच्या बाजूचा आणि ट्रेंट थोडं माकडाच्या बाजूचं, एवढं लक्षात ठेवलं तर वादाचा आकार कळतो.

१९९९ च्या जाहीरनाम्यात दोन्ही बाजूंनी मान्य केलं की माणूस आपल्या गुणांमुळे नव्हे, तर कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने स्वीकारला जातो, आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ आहे. मतभेद शिल्लक राहिले, पण ते आता एकमेकांना धर्मबाह्य ठरवण्याइतके मानले गेले नाहीत. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनाही यात सामील झाल्या.

मग काही करायचंच नाही का?

हा आक्षेप पौलाच्याच काळातला आहे. सगळं कृपेने मिळत असेल तर हवं तसं वागायला काय हरकत, असा प्रश्न तो स्वतःच मांडतो आणि ठाम नकार देतो.

नव्या करारातलंच याकोबाचं पत्र तर थेट सांगतं की कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे. उघड्या-उपाशी माणसाला कोरड्या शुभेच्छा देऊन काय उपयोग, असा त्याचा सवाल आहे. विशेष म्हणजे तोही दाखला अब्राहामाचाच देतो. ल्यूथरला हे पत्र इतकं अडचणीचं वाटलं की त्याने त्याला 'गवताचं' म्हणून हिणवलं. बहुतेक अभ्यासक दोन्हींची सांगड अशी घालतात : पौल विचारतो की झाडाला मूळ कशाने धरतं, आणि याकोब विचारतो की झाड जिवंत आहे हे कशावरून ओळखायचं.

विसाव्या शतकात हा इशारा ल्यूथरच्याच चर्चमधून आला. जर्मन धर्मगुरू डिट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरून चर्चला जाब विचारला. क्षमा मिळाली आहे असं म्हणायचं आणि आयुष्यात काहीही बदलायचं नाही, ही कृपेची थट्टा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि चर्चमधले अनेक जण गप्प होते. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्यावरून बॉनहॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आली.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न कसा आला?

महाराष्ट्रात हा विचार पुस्तकातून आयुष्यात उतरलेला पाहायचा तर पंडिता रमाबाईंचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन देशभर पायी फिरले. पुराणं सांगायची, व्रतं करायची, दानधर्म करायचा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेले. इतकं सगळं करूनही हाती काय आलं, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या साक्षीत त्या पुढे लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. धर्म बदलला तरी आपणच काहीतरी करून लायक व्हायचं आहे, ही भावना गेली नव्हती. सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचताना, आपल्याला काही कमवायचं नसून स्वीकारायचं आहे, हे त्यांना उमगलं.

याच काळात जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर प्रभाव पडला. म्यूलर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळलं आणि त्यासाठी कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असा नियम ठेवला. मात्र हिशेब ते काटेकोर ठेवत आणि प्रसिद्धही करत. भारतात असं काही करता येईल का, असं रमाबाईंना वाटू लागलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगावला त्यांचं काम उभं राहिलं. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार बायका-मुली राहत होत्या.

आता या 'वचनावर विसंबलेल्या' बाईचं वेळापत्रक पाहा. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू केला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. आयुष्याची शेवटची अनेक वर्षं त्यात गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुक्तीतल्या बायकांनीच त्याची जुळणी आणि छपाई केली.

मग फरक कुठे पडला? कष्ट कमी झाले नाहीत, कष्टांचं कारण बदललं. आधी देवाला प्रसन्न करण्यासाठी चालणं होतं. नंतर देवाने स्वीकारलं आहे हे धरून काम होतं. पौलही स्वतःबद्दल असंच सांगतो की मी इतरांपेक्षा जास्त श्रम केले, तरी ते मी नव्हे, माझ्यासोबत असलेल्या कृपेने केले.

वचनाचा गैरवापर कसा होतो?

विश्वासाच्या नावाने होणाऱ्या दोन चुका ओळखता यायला हव्यात.

पहिली : वचनाची परीक्षा घेणं. शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, उडी मार, देवदूत तुला झेलतील. त्यासाठी तो स्तोत्रसंहितेतलं खरंखुरं वचनच पुढे करतो. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं उत्तर देतो. म्हणजे शास्त्रातलं वचन तोंडात असूनही कृती चुकीची असू शकते.

'प्रार्थना केली आहे, आता गोळ्या बंद' हा विचार याच प्रकारात बसतो. ख्रिस्ती परंपरेचा मुख्य प्रवाह वैद्यकाच्या विरोधात नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर त्या काळचा घरगुती उपाय सुचवतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभं केलेलं मिशन हॉस्पिटल हे त्याच श्रद्धेतून आलेलं काम आहे.

दुसरी : विश्वासालाच मजुरी बनवणं. 'समृद्धीचं शुभवर्तमान' नावाने ओळखला जाणारा प्रचार अमेरिकेतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरला. पुरेसा विश्वास ठेवा, पेरणी म्हणून दान द्या आणि आरोग्य, पैसा, यश यांवर हक्क सांगा, असा त्याचा सूर असतो. २०१० मध्ये लोझान चळवळीच्या केपटाऊन इथल्या जागतिक परिषदेतून निघालेल्या निवेदनात इव्हँजेलिकल नेत्यांनीच या शिकवणीवर कडक टीका केली.

वरवर पाहता यात वचनावर भर आहे. प्रत्यक्षात पौलाने उलटवलेला व्यवहार पुन्हा सुलटा केलेला आहे : इतका विश्वास भरला तर इतकं मिळेल. आणि मिळालं नाही, आजारी माणूस बरा झाला नाही, तर दोष त्याच्याच माथी मारला जातो की तुमचा विश्वास कमी पडला. आधीच दुःखात असलेल्या घरावर हे दुसरं ओझं.

मार्काच्या शुभवर्तमानात याचं उत्तर सापडतं. आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो कमी पडतो तिथे मला मदत कर. अर्धवट विश्वासाची ही कबुली आहे. तरीही मुलगा बरा होतो. भार वचन देणाऱ्यावर असतो, विश्वास ठेवणाऱ्याच्या जोरावर नाही.

सोशल मीडियावर फिरणारं एक वचन

शेवटी एक असं वचन, जे सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेलं बहुतेकांनी पाहिलं असेल : यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, तो भविष्य आणि आशा देणार आहे, असा त्याचा आशय. परीक्षेच्या आदल्या रात्री, मुलाखतीच्या सकाळी, वर्षाच्या पहिल्या दिवशी ते हमखास शेअर होतं.

मूळ पत्र कोणाला लिहिलं होतं? यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना. त्यांच्यात काही संदेष्टे सांगत होते की सुटका लवकरच होणार. यिर्मया म्हणतो, तसं नाही. आधीच्याच ओळीत मुदत दिलेली आहे : सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

मग तोवर काय करायचं? तेही त्याच पत्रात आहे. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैदी म्हणून आणलं आहे, त्याच शहराच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा.